मागच्या खोलीत येत नाही

घरातील वीज गेली की माणूस खिडकीशी जातो आणि समोरच्या घरात दिवा आहे का ते पाहतो. तिथेही अंधार असला तर स्वस्थ बसतो. तिथे उजेड असला तर स्वतःच्या मीटरपेटीकडे वळतो. नळाला पाणी आले नाही तर शेजारणीला विचारणे होते, ‘तुमच्याकडे आलं का?’ कोणी न शिकवता पिढ्यानुपिढ्या चालत आलेली ही शोधाची रीत आहे. दोष कुठवर पसरला आहे ते आधी पाहायचे, मग कारण शोधायचे. एवढे नीट केले, तर दोषी माणूस शोधण्याची पाळी बहुधा येतच नाही.

वाय-फायच्या बाबतीत मात्र घरे ही शहाणी रीत विसरतात. कोणाचे नेट अडकले की दुसरीकडून पहिले उत्तर येते, ‘माझ्याकडे तर येतंय!’ आणि त्यापाठोपाठ दुसरे, ‘तू काहीतरी दाबलं असशील.’ यातील पहिले वाक्य बहुतेक वेळा खरे असते. सारा घोटाळा त्याच्या खरेपणातूनच सुरू होतो.

सांगलीतील एका जैन कुटुंबात ही दोन वाक्ये जवळजवळ वर्षभर बोलली जात होती. घर नदीपासून फार दूर नाही. तळमजला जुना, जाड विटांच्या भिंतींचा. वरचा मजला नंतर बांधलेला, स्लॅबचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी तळमजल्यात शिरले. पाणी ओसरल्यावर, चिखल काढून झाल्यावर, घराने एक शहाणपणाचा निर्णय घेतला: विजेची जी उपकरणे वर नेता येतील, ती वरच ठेवायची. इन्व्हर्टर वर गेला, ग्रंथांचे कपाट वर गेले. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली, घरून काम आणि घरून शाळा सुरू झाली, म्हणून इंटरनेटची जोडणी घेतली गेली. तिचा राऊटरही साहजिकच वरच्या मजल्यावर, मुलाच्या खोलीत, तार आत येते त्या खिडकीजवळ बसला.

आजी मात्र खालीच राहिल्या. गुडघ्यांमुळे जिना नकोसा झाला होता, म्हणून मागच्या अंगणाकडील खोली त्यांची. सूर्यास्तापूर्वी जेवण, मग प्रतिक्रमण आणि आठ वाजता फोनवर प्रवचन, हा त्यांचा संध्याकाळचा क्रम. २०२० मध्ये मंदिरे आणि स्थानके बंद झाली, तेव्हा प्रवचने आणि स्वाध्यायाचे वर्ग फोनवर आले. अनेकांसाठी ती तात्पुरती सोय होती. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्यासाठी ती कायमची झाली. अशा माणसाच्या हातातील फोनला करमणुकीची वस्तू समजणे चुकीचे आहे. धर्मसभेतील त्यांची सतरंजीवरची जागाच ती.

आजींच्या या जागेवर रोज विघ्न येई. प्रवचन पाच-सात मिनिटे चाले आणि थांबे. पडद्यावर गोल चक्र फिरत राही. पुन्हा आवाज येई तेव्हा दृष्टान्ताचा मधला भाग निसटलेला असे. पुण्याच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला की तिचा चेहरा चौकोनी ठिकऱ्यांचा होई, म्हणून कठड्याला धरून आजी जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत चढून जात. तिथे चेहरा स्पष्ट दिसे.

त्यांनी तक्रार केली नाही असे नव्हे. मुलगा वरून म्हणे, ‘आई, माझ्याकडे तर येतंय.’ नात खाली येऊन फोन हातात घेई, दोन-चार ठिकाणी बोट लावी, नेमके त्या क्षणी प्रवचन सुरू होई आणि ती म्हणे, ‘बघ आजी, चालतंय. तूच काहीतरी दाबलं असशील.’ उपाय झाले नाहीत असेही नव्हे. आजींना नवा फोन घेतला. शंभर एमबीपीएसची योजना दोनशेची केली. राऊटर बंद करून पुन्हा चालू करणे हा तर नित्यविधीच झाला. उपायांत माया होती, खर्चही होता. शोध मात्र कोणी केला नव्हता. योजनेचा वेग राऊटरपर्यंत येणाऱ्या तारेचा असतो. राऊटरपासून फोनपर्यंतची शेवटची दहा-पंधरा पावले हवेतून जातात, आणि त्यांचा त्या आकड्याशी फारसा संबंध नसतो. गच्चीवरची टाकी दुप्पट मोठी केली म्हणून मोरीतील तुंबलेला नळ वाहू लागत नाही, तसेच हे.

शेवटी एके दिवशी आजी म्हणाल्या, ‘राहू दे रे. मला आता तेवढं ऐकूही येत नाही.’ वस्तुतः सकाळी गल्लीच्या तोंडाशी वाजणारी दूधवाल्याची घंटा त्यांना आतल्या खोलीतून ऐकू येत होती. पण घराने ते वाक्य वयाच्या खात्यावर मांडले आणि विषय संपवला. आठ वाजताचे प्रवचन बंद झाले. या साऱ्या प्रकरणात झालेले खरे नुकसान ते हेच. यंत्राच्या दोषाचे ओझे एका वृद्ध माणसाने स्वतःच्या अंगावर घेतले होते, आणि ते तिथे ठेवणे सर्वांनाच सोयीचे वाटले.

पावसाळ्यात आजींना ताप आला आणि सूनबाई तीन रात्री त्यांच्या खोलीत झोपल्या. पहिल्या रात्री साडेअकराला ताप एकशे दोनवर गेला. सूनबाईंनी ओळखीच्या डॉक्टरांना फोनवरून निरोप लिहिला. निरोपाशेजारचे घड्याळाचे बारीक चिन्ह पहाटेपर्यंत हलले नाही. तो गेलाच नव्हता. फोनच्या माथ्यावर वाय-फायची खूण मात्र दिसत होती. क्षीण का होईना, पण वाय-फायशी जोडणी आहे असे फोनला वाटत असेल, तर तो पुष्कळदा तिलाच चिकटून राहतो आणि मोबाईलच्या डेटाकडे वळत नाही. त्या वेळी वाय-फाय बंद केले असते तर निरोप एका क्षणात गेला असता. सुदैवाने ताप औषधाने उतरला. सकाळी सूनबाई वर जाऊन म्हणाल्या, ‘मागच्या खोलीत येत नाही.’ उत्तर आले, ‘माझ्याकडे तर येतंय.’ हे उत्तर ऐकणाऱ्याच्या बाजूने कसे वाटते, ते त्यांना त्या दिवशी कळले. आजींचा ताप उतरल्यावर त्यांनी वही-पेन्सिल घेतली आणि अकरावीतल्या मुलीला हाताशी धरले.

तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात उमास्वातींनी मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. वस्तूचे प्रथम ग्रहण तो अवग्रह. तिच्याविषयी अधिक जाणण्याचा प्रयत्न ती ईहा. निश्चय तो अवाय. आणि तो निश्चय न विसरता जपणे ती धारणा. शास्त्राचा विषय आत्मा आहे, राऊटर नव्हे, हे खरेच. तथापि जाणण्याची क्रिया मोठ्या विषयात जशी घडते तशीच लहान विषयातही घडते, आणि एखादी पायरी गाळली की दोन्हीकडे सारखाच गोंधळ होतो. त्या घरात वर्षभर नेमके हेच चालले होते. अवग्रह धड झाला नव्हता, ईहा झालीच नव्हती. निश्चय मात्र पहिल्या दिवसापासून तयार होता.

‘नेट बंद आहे’ हे वाक्य अवग्रह नव्हे, तो घाईचा निष्कर्ष आहे. प्रत्यक्ष दिसते ते वेगळे आणि बारीक असते. फोनवर वाय-फायची खूण आहे की नाही? असल्यास तिच्या किती रेघा भरल्या आहेत? एकच फोन अडतो की सगळे? सगळीच पाने अडतात की एखादेच? राऊटरवरील कोणता दिवा हिरवा, कोणता लाल, कोणता लुकलुकणारा? मायलेकींनी वहीत पहिल्या दिवशी केवळ दिसले तेवढे लिहिले, कारण लिहिले नाही. मग त्यांनी एक साधा प्रयोग केला. आठ वाजता मुलाचा फोन खाली मागच्या खोलीत आणला आणि आजींचा फोन वर राऊटरच्या खोलीत नेला. दोन्हींवर एकच प्रवचन लावले. मुलाचा फोन तिसऱ्या मिनिटाला अडला. आजींचा फोन शेवटपर्यंत खळखळ वाहत राहिला. दोन फोनांच्या अदलाबदलीने वर्षभराचा वाद अर्ध्या तासात मिटवला. दोष आजींच्या बोटांत नव्हता, कानांत नव्हता, फोनमध्येही नव्हता.

अनेकान्ताची ओळख असणाऱ्या घराला यात नवल वाटू नये. वस्तू ‘आहे’ असे म्हणताना ती कोणत्या द्रव्याच्या, क्षेत्राच्या, काळाच्या आणि भावाच्या अपेक्षेने आहे हे सांगावे लागते. त्याच वस्तूला दुसऱ्या अपेक्षेने ‘नाही’ म्हणता येते आणि दोन्ही विधाने खरी ठरतात. वरच्या खोलीच्या अपेक्षेने नेट होते. मागच्या खोलीच्या अपेक्षेने नव्हते. ‘माझ्याकडे येतंय’ या वाक्यात काही खोटे नव्हते. त्याला जोडलेला मूक शेवट, ‘म्हणून तुझ्याकडेही येतच असणार’, तेवढा खोटा होता. अनेकान्त व्यासपीठावरून समजावून सांगणे तुलनेने सोपे. जिन्याच्या खालून आलेली तक्रार ऐकताना तो आठवणे अवघड.

ईहेसाठीही त्याच चार अपेक्षा मायलेकींच्या कामी आल्या. द्रव्य म्हणजे कोणते उपकरण. ते अदलाबदलीत तपासून झाले होते. क्षेत्र म्हणजे कोणती जागा. नातीने फोनवर लहरींची ताकद मोजणारे एक ॲप घेतले आणि ती खोलीखोलीतून फिरली. ही ताकद डीबीएम या मापात, ऋण आकड्यांत दाखवतात. शून्याजवळचा आकडा चांगला, दूरचा वाईट. राऊटरशेजारी उणे ४५ आले, जिन्याच्या वळणावर उणे ६२, मधल्या खोलीत उणे ७१, आजींच्या पलंगाजवळ उणे ८४. या मापात दर दहाच्या घसरणीला ताकद दहावा हिस्सा उरते; म्हणजे राऊटरजवळच्या तुलनेत आजींच्या पलंगापाशी ती सुमारे आठ हजारांश उरत होती. व्हिडिओ सुरळीत चालायला साधारण उणे ७० च्या आतले माप लागते. आजी जिन्याच्या वळणापर्यंत का चढून जात होत्या, याचे उत्तर वहीत आकड्यांनी उमटले. त्यांनी ते वर्षापूर्वीच पायांनी मोजलेले होते.

काळ म्हणजे कोणत्या वेळी. दुपारी तीनला त्याच पलंगावर प्रवचन कसेबसे चाले. रात्री आठला चालत नसे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात वाहिन्या अनेक दिसत असल्या, तरी एकमेकींवर न चढणाऱ्या अशा रूढपणे तीनच धरतात: १, ६ आणि ११. दाट वस्तीत संध्याकाळी प्रत्येक घरचा राऊटर याच तिघींत बोलू लागतो. लग्नाच्या मांडवात सगळे एकदम बोलू लागल्यावर जे होते तेच मग होते. मायक्रोवेव्ह शेगडीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते आणि तिच्यातून थोडे गळणेही जवळच्या वाय-फायला पुरते त्रास देते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात आठ वाजता शेगडी चालू नसते. भिंतीपलीकडील शेजाऱ्यांच्या घरात असू शकते.

भाव म्हणजे त्या वेळची अवस्था. राऊटरचे एलओएस लिहिलेले दिवे शांत होते, म्हणजे बाहेरून येणारी प्रकाशतंतूची तार धड होती. तो दिवा लाल असता, तर घरात कितीही खटपट करून उपयोग नव्हता. ते काम जोडणी देणाऱ्यांचे. राऊटरला तारेने जोडलेल्या संगणकावर वेग पुरेपूर येत होता, म्हणजे राऊटरही निरोगी होता. आणखी एक-दोन शक्यताही त्यांनी खोडून काढल्या. वाय-फायला जोडले गेल्यावर राऊटर प्रत्येक उपकरणाला एक अंकी पत्ता देतो, बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राऊटरकडून पत्ता मिळालाच नाही असे समजावे. अशा वेळी फोनमधून ते नेटवर्क विसरायला सांगून पुन्हा जोडावे. अंकी पत्त्याने संपर्क होतो पण नावाने पान उघडत नाही, असे असेल तर नावाचा अंक करून देणाऱ्या डीएनएस या सेवेत अडचण असते. जुन्या फोनची तारीख चुकलेली असली तरीही सुरक्षित पाने उघडायला नकार देतात, आणि माणूस व्यर्थ राऊटरला बोल लावतो. यांपैकी काहीही आजींच्या फोनवर नव्हते. शंका एक-एक करून खोडत गेल्यावर उरली ती फक्त जागा.

अवाय, म्हणजे निश्चय, इथे सोपा झाला. वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात न दिसणाऱ्या लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. शंभर वर्षांनंतर, १९९७ मध्ये, बिनतारी जोडणीचे पहिले प्रमाण ठरले. तेव्हा वेग होता सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. लहरी भिंत ओलांडतात हे खरे, पण प्रत्येक भिंत आपली जकात घेते. लाकूड आणि प्लायवूड थोडी घेतात, जाड वीट अधिक, लोखंडी सळ्यांचा स्लॅब त्याहून अधिक. धातूचा सलग पत्रा तर लहरींना परतच पाठवतो. पाणीही त्यांना शोषून घेते. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. दुसरी वेगवान असते, पण अडथळ्यांपुढे लवकर थकते. आजींच्या खोलीत आणि राऊटरमध्ये एक स्लॅब, दोन जाड भिंती आणि दाराशेजारचे लोखंडी कपाट होते.

आणखी एक गोष्ट घरातील कोणालाच ठाऊक नव्हती. राऊटरच्या उभ्या काड्यांतून, म्हणजे अँटेनांतून, लहरी सर्व दिशांना सारख्या पसरत नाहीत. त्या पसरतात मेदूवड्याच्या आकारात: काडीच्या चारही अंगांना भरपूर, काडीच्या टोकांच्या रोखाने, म्हणजे नेमके वर आणि नेमके खाली, अगदी कमी. वरच्या मजल्यावर सगळ्यांना उत्तम मिळत होते ते यामुळेच, आणि खालच्या मजल्याच्या वाट्याला वड्याचे भोक आले होते तेही यामुळेच.

निश्चय झाल्यावर लक्षात आले की यात अपराधी कोणी नाही. पुरानंतर उपकरणे वर नेणे योग्य होते. तार जिथे आत येते तिथे राऊटर बसवणे योग्य होते. आजींचे खाली राहणे योग्य होते. कपाटही जागेवरच होते. त्या त्या काळी योग्य असलेल्या चार निर्णयांची मिळून एक चूक झाली होती. घरांतील पुष्कळ दुःखे अशीच बनतात. त्यांना कारण असते, पण गुन्हेगार नसतो. आणि गुन्हेगार शोधण्यात वेळ गेला की कारण तसेच राहते.

उपायांतही त्यांनी आधी बिनखर्चाचे घेतले. राऊटरची एक काडी उभी ठेवून दुसरी आडवी केली. लोखंडी कपाट दारापासून सरकवून दुसऱ्या भिंतीला लावले. राऊटर खिडकीच्या कोपऱ्यातून काढून, तार पुरेल तितका, जिन्याच्या बाजूला आणला. पलंगाजवळचे माप उणे ८४ वरून उणे ७६ वर आले. सुधारणा झाली, पण पुरेशी नव्हती. लहरी पुढे ढकलणारे रिपीटर नावाचे उपकरण घ्यावे असे मुलाने सुचवले. ते खोलीतच बसवण्याचा त्याचा विचार होता. पण जिथे मूळ आवाजच पोहोचत नाही तिथे उभे राहून कोणी तो पुढे काय सांगणार? रिपीटर लावायचाच तर मध्यावर, चांगली लहर येते तिथे लावावा लागतो. शिवाय साधा रिपीटर एकाच पट्ट्यात ऐकतो आणि बोलतोही, त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो. तार त्याहून भरवशाची. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत वेग न घटवता जाते. इथे वीस मीटर पुरली. जिन्याच्या कडेने ती खाली आणली आणि मधल्या खोलीत वाय-फायची दुसरी छोटी पेटी बसवली. नाव आणि पासवर्ड वरच्या राऊटरचेच ठेवले, वाहिनी मात्र वेगळी निवडली. मधल्या खोलीच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ रंगाखालून अजून पुसट दिसते. पेटी तिच्यावर हातभर उंच बसवली. पुराची शिकवण मोडली नाही आणि आजींची खोलीही सुटली नाही. पलंगाजवळ आता उणे ५८ येते.

उरली धारणा. बहुतेक घरे इथेच कमी पडतात. दोष दूर झाला की तो कसा सापडला ते विसरतात आणि पुढच्या वेळी पुन्हा ‘तू काहीतरी दाबलं असशील’ पासून आरंभ करतात. या घरात वही राहिली, आणि ती आजींकडे सोपवली गेली. कारण लहर क्षीण झाली तर प्रथम त्यांच्याच खोलीत कळते. त्यांच्या वळणदार अक्षरात पहिल्या पानावर लिहिले आहे: आधी विचारा, एकाचे अडले की सर्वांचे. मग एलओएसचा दिवा पाहा. दिवा ठीक असेल तर राऊटर बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा. दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटे द्या. मागील बारीक छिद्रात टाचणी घालू नका, त्याने राऊटरमधील सगळी मांडणी पुसली जाते. निरोप जाण्याची घाई असेल तर वाय-फाय बंद करून मोबाईलच्या डेटावर पाठवा. त्याखाली कोणत्या तारखेला काय बिघडले आणि कशाने सुधारले याच्या नोंदी.

पुढे दिवाळीच्या सुमारास एके सकाळी सगळ्या घराचे नेट गेले. मुलाची कामाची बैठक दहा मिनिटांवर होती. त्याने सवयीने राऊटर दोनदा बंद-चालू केला आणि तिसऱ्यांदा करणार, तोच खालून आवाज आला, ‘एलओएस लाल आहे का ते बघ आधी!’ तो लाल होता. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणणे चालू होते आणि तार तुटली होती. मुलाने फोनच्या डेटावर बैठक घेतली आणि तक्रार नोंदवली. आजींनी वहीत तारीख घातली आणि चष्मा काढून जप सुरू केला. आठ वाजताचे त्यांचे प्रवचन तोवर कधीच पूर्ववत झाले होते.

वाय-फाय हे निमित्त झाले. घरोघरी अशी एक मागची खोली असते. तिथे उकाडा जास्त होतो, गच्चीवरचे पाणी उशिरा पोहोचते, हाक ऐकू जात नाही, आणि तिथला माणूस बहुधा तक्रार करायला संकोचतो. पुढच्या खोलीतले सुख खरे असते, म्हणून मागच्या खोलीतले दुःख खोटे ठरत नाही. घराची जोडणी कशी आहे हे पाहायचे असेल तर राऊटरशेजारी उभे राहून पाहू नये. फोन हातात घ्यावा, घरातील सर्वांत दूरच्या खोलीत जावे, तिथल्या माणसाशेजारी बसावे आणि ‘तुमच्याकडे येतं का?’ असे विचारून उत्तर पूर्ण ऐकावे.